गाडी तुमची, रविवार माझा

३ मार्च

चि. सोन्या आणि चि. छोटी,

दोघांना अ. आ. समान वाटून घ्या, त्यावरून भांडू नका.

एकच पत्र दोनदा लिहिते आहे, म्हणजे मला असं सांगितलं नि तुला तसं सांगितलं, हे नंतर व्हायला नको. अक्षर मोठं आलंय ते रागाने नाही, डोळ्यांमुळे. मागच्या आठवड्यात सोन्याने मला त्याच्या चष्म्याच्या दुकानात उंच खुर्चीवर बसवलं, डोळे तपासले आणि यापुढे गाडी चालवायची नाही असं बजावलं. फळ्यावरच्या खालच्या ओळी मला दिसल्या नाहीत हे खरं आहे. ते सांगताना त्याला झालेला आनंद मात्र चष्म्याशिवाय दिसला.

तर माझी लांबडी गाडी आजपासून तुमची. उभा जन्म मी गुरांची डॉक्टरकी केली, त्यातली शेवटची वर्षं या गाडीने माझ्याबरोबर केली आहेत. मागची सीट पाडली की अख्खं वासरू आडवं मावतं. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, त्यामुळे आपल्या घराच्या चढणीवर जिथे बाकीच्यांच्या गाड्या चिखलात रुतून रडतात, तिथे ही आपली खाली मान घालून चालत वर येते. आतला वास जायचा नाही. तुमच्या शाळेच्या फिया त्याच वासातून निघाल्या आहेत, तेव्हा नाक मुरडू नका. एकच पथ्य आहे. टायर बदलायचे तर चारही एकदम आणि एकसारखे. अशा गाडीला एक चाक मोठं नि एक लहान चालत नाही.

आता मुद्द्याचं. गाडी तुमची, रविवार माझा. दर रविवारी दोघांपैकी एकाने वर यायचं आणि मला व साहेबाला खाली फिरवून आणायचं. साहेब त्या डिकीतच जन्मला, आता म्हातारा झाला तरी गाडीचा आवाज आला की पिल्लू होतो. औषधं, बाजार, चार माणसांची तोंडं, एवढं आठवड्यातून एकदा झालं की मी या घरात मरेपर्यंत राहू शकते. दूध नि टपाल खालचा दूधवाला ट्रॅक्टरवरून आणतो, त्याची काळजी नाही. सोन्या मागे नदीपलीकडच्या वृद्धाश्रमाची माहिती घेऊन आला होता. ती मी चूल पेटवायला वापरली. रविवार जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी गाडी दुसऱ्या कुणाला देईन.

साहेब शेपूट हलवतो आहे. तुम्हा दोघांना तेही जमलं तर बघा.

तुमची,
आई

१८ एप्रिल

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे तरी मनापासून.

फोनवर बोलायला लागलो की तू दोन मिनिटांत फोन आपटतेस, म्हणून आईसारखं मीही पत्रच लिहितो आहे. आईच्या घरात रेंज नाही, आपल्या दोघांत ती कधीच नव्हती.

गाडी मी धुऊन घेतली. तीनदा. वास गेला नाही, पण तुझ्या वहिनीने दारावर सुगंधी पिशव्या लटकवल्या आहेत, त्यामुळे आता फुलांच्या बागेत गाय बसल्यासारखं वाटतं. बाकी गाडी काय आहे म्हणून सांगू! आजवर मी डबड्यात बसून फिरत होतो. शनिवारी मुलांच्या सायकली, तंबू, तुझ्या वहिनीची आई असं सगळं भरून तळ्यावर गेलो. वाळूत इतरांच्या गाड्या ढकलायला माणसं जमली होती आणि मी आपला त्यांना हात करून निघालो. असा हात करण्यात काय सुख आहे ते तुला कळायचं नाही.

वाटणी मी ठरवली आहे. एक आठवडा तुझा, एक माझा. ज्याचा आठवडा, त्याने त्या रविवारी आईकडे जायचं. दुरुस्तीचंही सोपं आहे. गाडीचा पुढचा अर्धा भाग माझा, मागचा तुझा. इंजिन पुढे आहे, म्हणजे जड बाजू मी घेतली आहे याची नोंद असावी. डिकी तुलाच लागते, नाही तरी तुझे ते पुतळे ठेवायला जागा नसतेच.

मागच्या रविवारी मी वर जाऊन आलो. आई फाटकापाशीच बसलेली होती. वाटेत मला गिअर कधी बदलायचा ते सांगत होती, जसं काही मी परवाच चालवायला शिकलो. दुकानात भाजीवाल्याला माझी ओळख करून देताना म्हणाली की हा माझा ड्रायव्हर. सगळे हसले. मीही हसलो, पण दात दाखवण्यापुरता.

पुढचा रविवार तुझा.

लोभ पुढच्या सीटइतका तरी ठेव.

तुझा,
दादा

२५ मे

ती. दादास,

सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला डिकीत जागा आहे, पण पुतळे आडवे आहेत.)

दुकानांच्या काचा सजवायचं माझं काम तू पोरखेळ समजतोस. तुला सांगते, या गाडीने माझा धंदा दुप्पट झाला. आधी एकेका पुतळ्याचे हातपाय सोडवून रिक्षातून न्यावे लागायचे. आता उभं कुटुंबच्या कुटुंब निजवून नेते. परवा एका बाईला डिकीत जागा उरली नाही म्हणून पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवली, तर सिग्नलला शेजारच्या माणसाने तिला नमस्कार केला. तिने उत्तर दिलं नाही म्हणून रागावलाही. दादा, पुतळा गाडीत बसवणं आईला बसवण्यापेक्षा कितीतरी सोपं. गिअरबद्दल बोलत नाही.

तू आईचे डोळे तपासलेस आणि तूच गाडी आधी घरी नेलीस, हा योगायोग मी विसरलेली नाही. आपला हात जगन्नाथ म्हणतात. पण जाऊ दे, मला त्याचा फायदाच झाला.

मागचा रविवार माझा होता, पण त्या दिवशी एका मोठ्या दुकानाचं उद्घाटन निघालं, तेव्हा तुझ्या दुकानातल्या मुलीकडे निरोप ठेवला होता की माझ्याऐवजी तू जा. गेलास ना? त्याआधीच्या माझ्या रविवारीही मला सर्दी होती. तू मोठा आहेस, आणि तसाही रविवारी घरी काय करतोस? आईला सांग, छोटी खूप आठवण काढते. खरंच काढते. एखाद्या पुतळ्याचा हात खांद्यातून निखळला की हमखास काढते.

पुढच्या डाव्या दारावर एक चरा पडला आहे. तो पुढच्या भागात येतो, म्हणजे तुझा.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
छोटी

१६ जून

चि. सोन्यास,

अ. आ. यावेळी सगळे तुझेच, छोटीला वेगळे पाठवले नाहीत.

गेले काही रविवार माझी दोन्ही मुलं आली नाहीत, त्यामुळे घरात भांडण झालं नाही. हवा छान होती. मी नि साहेब सकाळी तयार होऊन फाटकापाशी बसायचो. मी चांगला कोट घालते, त्याला घासून काढते. खालच्या वळणावर कुठलीही गाडी आली की तो उठतो, पुढे जातो आणि ती आपली नाही हे कळलं की परत येऊन माझ्या पायावर बसतो, जसं काही चूक माझीच होती. दुपारी आम्ही आत येतो आणि मी कोट काढून ठेवते.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण लहानपणी तुम्हाला शिकवली तेव्हा तुम्ही दोघांनी पाहुण्याला हसून घेतलं होतं. आता पाहुणी मीच झाले आहे.

तक्रार नाही. मी गुरांची डॉक्टर होते. बोलता न येणाऱ्या पेशंटांची मला सवय आहे आणि बोलता येऊनही न बोलणारी पोरंही मी पाहिली आहेत. पण सोन्या, डोळ्यांचे थेंब संपलेत. दूधवाल्याला त्यातलं कळत नाही, त्याने एकदा कानात घालायचे आणले. म्हणाला की दोन्ही छिद्रंच. तू चष्मेवाला आहेस, आईच्या डोळ्यांचं औषध तुझ्याच दुकानात मिळतं, ही तर सोय म्हणायची.

येताना छोटीलाही आण. दोघांना एकत्र पाहून बरेच दिवस झाले. न आलात तर साहेबाला तुमचं नाव विसरायला शिकवीन, मी स्वतः अजून शिकते आहे.

तुझी,
आई

२ ऑगस्ट

चि. छोटीस,

आशीर्वाद आहेत, पण हात वर करायला आज जड जातंय.

आईचं पत्र सोबत पाठवतो, वाच. मला वाटलं तू जात होतीस, तुला वाटलं मी जात होतो. तुझा तो निरोप मला मिळाला होता, पण त्या रविवारी तुझ्या वहिनीच्या भावाचं सामान हलवायचं होतं. गाडी कुणाकडे मागावी तर आपल्याकडेच, असं सगळ्या नातेवाइकांना झालंय. नाही कसं म्हणणार? डोळ्यांचे थेंब मी पोस्टाने पाठवले. एका रविवारी जाऊनही आलो, पण घाईत. ती मला थांब म्हणाली नाही आणि मीही थांबलो नाही.

दुसरं. टायर झिजले होते, पावसात गाडी घसरायला लागली. मी माझे पुढचे दोन नवे घातले, उत्तमातले उत्तम. मागचे तुझे आहेत. ताबडतोब घाल. आई म्हणाली होती चारही एकदम, पण मी माझ्या वाटणीचं केलं आहे, आता तुझ्या अर्ध्याने मला खाली पाहायला लावू नये.

लोभाचं काय ते टायर घातल्यावर पाहू.

दादा

९ ऑगस्ट

ती. दादास,

सा. न., आणि विनंती विशेष काही नाही.

मागचे दोन टायर मी नीट पाहिले. अजून वर्षभर सहज चालतील. पुढचे जास्त झिजले, कारण तू वळणांवर गाडी फेकतोस. तुझ्या फेकण्याचा भुर्दंड मी का भरू? मी डिकीत पुतळे नेते, तेही पोकळ असतात. माझ्यामुळे मागचं चाक झिजायचं काही कारणच नाही. आईचं ते चारही एकदम वगैरे म्हणजे तिच्या जुन्या काळच्या गोष्टी. ती गाईंनाही चार पायांवर उभं राहायला शिकवायची.

आईचं पत्र वाचलं. रडले. मग तिने तुला एकट्याला लिहिलं हे लक्षात आलं नि थांबले. मला वेगळे आशीर्वाद पाठवले नाहीत हे तिने मुद्दाम लिहिलंय. तिला माहीत आहे की तू मला पत्र दाखवशील. इतकी वर्षं झाली, ती अजून आपल्या दोघांच्या कानाखाली एकाच हाताने वाजवते.

मी जाईन पुढच्या रविवारी. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या.

लोभ तसाच, झिजलेला पण चालू.

तुझी,
छोटी

२१ सप्टेंबर

चि. छोटीस,

आशीर्वाद. हे पत्र वाचून फाडून टाक.

लांबडी बसली. बाजारातून येताना आधी वळणावर अंग चोरल्यासारखी अडखळायला लागली, मग खालून जळका वास, मग खण्णकन आवाज. गॅरेजवाल्याने खाली शिरून पाहिलं आणि मला विचारलं की पुढचे टायर नवे नि मागचे जुने ही अक्कल कुणाची. मी म्हटलं, आम्हा भावंडांची वाटणी आहे. तो बराच वेळ हसला. झिजलेलं चाक घेराने लहान होतं, म्हणून पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात. अशा गाडीत पुढचा जोर मागे नेणारा एक मधला जोड असतो, तो हे भांडण सोडवत बसतो आणि तापून जळतो. आपला जळला.

त्याने मागच्या चाकांकडे जाणारा दांडा काढून ठेवला आहे. आता गाडी पुढच्या दोनच चाकांवर चालते. शहरात काही फरक पडत नाही. तुझे पुतळे जातील, माझ्या सायकली जातील. आईच्या चढणीवर मात्र जायची नाही. पहिल्याच वळणावर फिरत बसेल.

खरं सांगू? हे कळलं तेव्हा मला हलकं वाटलं. रविवारी सकाळी उठल्यावर छातीवर जे बसायचं ते उठून गेलं. आता न जाण्याला कारण आहे आणि ते आपलं नाही, गाडीचं आहे. तुलाही हलकं वाटत असेल तर लाजू नकोस, मी कुणाला सांगणार नाही. आईला मी कळवलं की एक भाग परदेशातून यायचा आहे, वेळ लागेल. कुठला भाग ते सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. टायरचं तर अजिबात नको.

लोभ असू दे, आता आपण एका बाजूला आहोत.

दादा

१४ ऑक्टोबर

चि. छोटीस,

अ. आ. मागच्या वेळचेही यात धर.

तुला वेगळं लिहिते आहे, कारण दादाला लिहिलं की त्याचं उत्तर दुकानदारासारखं येतं. भाग आला नाही, येईल, कळवतो. अगं, तो भाग कुठला ते तरी विचारून सांग. माझा जुना गॅरेजवाला अजून आहे, त्याच्याकडे अशा गाड्यांची हाडं पडलेली असतात.

मी अंगणात पडले. घाबरू नकोस, काही मोडलं नाही. पायरी होती तिथे मला पायरी दिसली नाही, नव्हती तिथे दिसली. उठता येईना. साहेब आधी भुंकला, मग भुंकून काही होत नाही हे पाहून माझ्या पाठीला पाठ लावून झोपला. संध्याकाळी दूधवाला आला तोवर आम्ही दोघं तसेच होतो. थंडी होती, पण पाठीकडून मी ऊब धरून होते. पडल्या पडल्या मी तुमचे बरेच दोष आठवले, वेळ चांगला गेला.

छोटे, आता चेष्टा पुरे. दूधवाल्याने तुम्हाला फोन केला असणार आणि तुम्ही नदीपलीकडचं काही ठरवत असणार. मी तुम्हाला जन्मात काही मागितलं नाही, कारण मागायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून मी राबले. आज मागते. मला इथून हलवू नका. मला या घरात न बघताही चालता येतं, रोजचा हा रस्ता पायांना पाठ आहे. दुसऱ्या कुठल्याही जागी मी आंधळी होईन. इथे फक्त माझी नजर कमी आहे.

गाडी दुरुस्त करा आणि महिन्यातून एकदा या. रविवारच हवा असंही नाही. मी कमी केलं, आता तुम्ही थोडं वाढवा.

तुझी,
आई

१ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. यातली विनंती या वेळी खरी आहे.

नदीपलीकडे एक खोली रिकामी झाली. कशी रिकामी झाली ते मी विचारलं नाही. मी पाहून आले. स्वच्छ आहे, खिडकी मोठी आहे, जेवण वेळेवर असतं. कुत्रा चालत नाही. नाव घातलं आहे आणि त्यांनी याच महिन्यातली तारीख दिली आहे.

आईचं पत्र सोबत पाठवत नाही. ते तू वाचू नयेस. मी वाचलं आहे, तेवढं पुरे. पुन्हा पडली आणि दूधवाला आला नाही तर काय, एवढंच मी स्वतःला विचारते आणि उत्तर आलं की दुसरं काही विचारत नाही. आपल्यापैकी कुणी वर जाऊन राहणार आहे का? नाही. तुझ्या घरात तिला ठेवणार आहेस का? वहिनीला विचारलंस का? विचारू नकोस, तिचा चेहरा मला आत्ता इथून दिसतोय. माझं घर दोन खोल्यांचं आहे आणि एकीत पुतळे राहतात.

प्रश्न तिला खाली आणायचा आहे. ॲम्ब्युलन्स ती चढण चढायची नाही, आणि माणसं पाठवली तर ती दार लावून घेईल. तिला मी ओळखते, आत बसून उपाशी राहील. ट्रॅक्टरवरून आईला आणायचं हे शोभत नाही. तेव्हा लांबडीच दुरुस्त करायला हवी. पूर्ण. मधला जोड, दांडा, सगळं. मी मागचे दोन टायर घालते, पण त्या गॅरेजवाल्याचं ऐकून तू तुझे पुढचेही पुन्हा घाल, म्हणजे चारही एकदम आणि एकसारखे होतील. या वेळी वाद नको.

तिला कळवू की गाडी झाली, रविवारची फेरी पुन्हा सुरू. आणायला तू जा. मी गेले तर माझ्या तोंडावरून ती ओळखेल. तुझ्या तोंडावर कधी काहीच नसतं. कपडे वगैरे आधी नेऊ नकोस, मी नंतर पाठवीन. सामान दिसलं तर संपलं.

मला वाईट माणूस समजू नकोस, निदान एकटीला समजू नकोस.

छोटी

१५ नोव्हेंबर

चि. सोन्या आणि चि. छोटी,

दोघांना अनेक, अनेक आशीर्वाद. आज मोजत नाही.

गाडी झाल्याचं पत्र दूधवाल्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी पुन्हा वाचायला लावलं. चारही टायर नवे, मधला जोड नवा! तो म्हणाला की एवढं कुणी कुणासाठी करत नाही. मी म्हटलं, माझ्या मुलांनी केलं.

तुमच्याबद्दल मी मनात बरंच वाईटसाईट आणलं होतं. अंगणात पडले तेव्हा तर वरच्या पट्टीत आणलं होतं. ते सगळं परत घेते. म्हातारपणी माणूस आधी संशयी होतं आणि मग आंधळं, माझं दोन्ही एकदम झालं. तुम्ही लहानपणी एकमेकांच्या ताटातलं मोजायचात, आणि आता एका गाडीसाठी दोघं एक झालात. मला आणखी काय हवं?

मी कोट धुतला. साहेबाला सांगितलं आहे. या रविवारी तळ्याकाठी बसू, तिथून बाजार करू, अंधाराच्या आत घरी. सोन्या, गाडी चढवताना दुसऱ्या वळणाला थांबू नकोस, एका दमात ये. तिला ते आवडतं.

लोभाचं मी काही मागत नाही, तो पोचला.

आई

२८ नोव्हेंबर

चि. छोटीस,

आशीर्वाद. कुणाचे कुणाला ते माहीत नाही.

तू फोन केलेस ते मी घेतले नाहीत. लिहूनच सांगतो, आपल्या घरची पद्धत.

मी रविवारी वर गेलो. गाडी एका दमात चढली. आई फाटकापाशी कोट घालून बसली होती. मी उतरायच्या आत ती उठली आणि गाडीभोवती फिरून चारही टायरांवरून हात फिरवला, खाचेत बोट घालून पाहिलं. म्हणाली की आता कशी भावंडं एका उंचीची झाली. माझ्या पाठीवर थाप मारली. मला आठवत नाही तिने याआधी कधी थाप मारली ते.

साहेब डिकीपाशी जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, आज त्याला नको, गाडी नुकती झाली आहे, पुढच्या वेळी. तिला ते आवडलं नाही, पण गाडी तुझी म्हणाली. तिने त्याला पाणी ठेवलं, घराचं मागचं दार उघडं ठेवलं, आणि संध्याकाळी येते असं त्याच्या कानात सांगितलं. मी तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. वाटेसाठी बिस्किटं आणली होती, ती दिली. सगळ्या रस्त्याने मी बोलत होतो. मुलांचं, दुकानाचं, तुझ्या पुढच्या सीटवरच्या बाईचं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. उतारावर गाडी कशी धरते ते ऐक म्हणाली. छोटे, ती फार आनंदात होती. मी आईला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं, आणि मी बोलत राहिलो.

तळ्याकडे डावीकडे वळायचं असतं. मी उजवीकडचा इंडिकेटर लावला. तिला रस्ता दिसत नाही, पण वळण ती अंगाने ओळखते. हे उजवीकडे कशाला, तिने विचारलं. मी गिअर बदलला. मग पुलाच्या सांध्यांवरून चाकं गेल्याचा आवाज आला आणि तिला कळलं. ओरडेल असं मला वाटलं. तिने हातातलं बिस्किट परत पुड्यात ठेवलं आणि पुडा नीट दुमडला.

पूल ओलांडल्यावर तिने एवढंच विचारलं की तिथे कुत्रा चालतो का. मी नाही म्हटलं. मग साहेबाचं काय, म्हणाली. मी म्हटलं, बघू. त्यावर ती डॉक्टर झाली. बघू नाही चालत, म्हणाली, तो म्हातारा आहे, दुसऱ्या घरी तो खाणार नाही. त्याला गुरांच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे ने आणि शेवटची सुई देऊन एकदाचं मोकळं कर. मग कसं न्यायचं ते सांगायला लागली. उचलून घालू नकोस, भेदरेल. दार उघडून उभा राहा, आपण होऊन चढू दे. हातात बिस्किट ठेव. सगळ्या रस्त्याने त्याच्याशी दुसरंच काहीतरी बोलत राहा, आवाज हसरा ठेव, म्हणजे फिरायला निघालोय असं त्याला वाटेल. कुठे जातोय ते शेवटच्या वळणापर्यंत कळता कामा नये.

एवढं सांगून ती थांबली. माझ्याकडे तोंड केलं. तिला किती दिसत होतं माहीत नाही. आणि अगदी शांतपणे म्हणाली, तुला हे सांगायला कशाला हवं, तुला येतंच की.

गाडी वृद्धाश्रमाच्या दारात थांबली. तिथल्या बाईंनी हात पुढे केला तो तिने धरला. उंबरठ्यापाशी अडखळली.

साहेब अजून वरच आहे. दूधवाला त्याला पाव टाकतो, पण तो फाटकातून हलत नाही म्हणे. गाडी माझ्या दारात उभी आहे, मी दोनदा चावी घेऊन खाली गेलो आणि परत आलो. या रविवारी तू येशील का? आईचं मला एकट्याला जमलं. कुत्र्याचं जमणार नाही.

लोभ उरला असेल तेवढा असू दे, पण ये.

दादा